झोका कोणी दिला

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या शाळेच्या अंगणात मुलांनीच खणलेला एक खड्डा होता. एका सकाळी त्यात एक चिंध्यांची बाहुली पुरली गेली. त्यानंतरचे काही आठवडे मी रोज घरी जाताना स्वतःशी भांडत गेले.

शाळा लहान आहे. आदिलाबादहून पैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, नदी ओलांडली की महाराष्ट्र. गावाच्या टोकाला कापूस साठवायचं एक जुनं पत्र्याचं गोडाऊन रिकामं पडलं होतं, ते मागून घेतलं आणि बालवाडी सुरू केली. तीन ते सहा वर्षांची मुलं येतात. आत सतरंज्या आहेत, मुलांच्या हाताला लागतील अशा फळ्या आहेत, फळ्यांवर सीताफळाच्या बिया, बाटल्यांची झाकणं, लाकडी ठोकळे, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या झाडाच्या काड्या, जुन्या साड्यांचे तुकडे. बाहेर कडुनिंब आणि काळी माती. सकाळी आल्यावर काय करायचं ते मूल ठरवतं. मी आणि माझ्या सोबतीला असलेली अक्का, आम्ही बघतो, हाक मारली तर जातो, भांडण हाताबाहेर गेलं तर मध्ये पडतो. अक्का तेलुगू घरातली. दोन मुलं वाढवून मोकळी झालेली बाई, पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर.

याआधी मी आदिलाबादला एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लहान वर्गाला शिकवायचे. तिथे साडेतीन वर्षांची पोरं हातात पेन्सिल धरूनच बाकावर झोपी जायची. एकदा एकीची पेन्सिल मी हळूच सोडवायला गेले, तर तिने झोपेतच ती आणखी घट्ट धरली. पुढे एका प्रशिक्षणाला गेले, मुलांच्या कलाने चालणाऱ्या दोन-तीन शाळा पाहिल्या, आणि गावी परतले.

आईबापांना हे पटवणं अजून संपलेलं नाही. "मॅडम, पोरगी काय लिहून राह्यली?" हा प्रश्न मला रस्त्यात, दुकानात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विचारला जातो. मी त्यावर चिडत नाही. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबला. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीत ज्यांना अक्षरं आली ते शिक्षक झाले, कारकून झाले; ज्यांना नाही आली ते बांधावरच राहिले. पाटीवरचा 'अ' बघून माझ्या बापाचे डोळे कसे व्हायचे ते मी पाहिलंय. त्यामुळे कोणी बाप माझ्या अंगणात उभा राहून "खेळच का दिवसभर?" असं म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे मला माझाच बाप दिसतो. त्याला उत्तर देताना मी शब्द जपून वापरते.

त्या हंगामात शाळेत एक पोरगी होती, पाचाच्या आतली. तिचा बाप नदीकाठच्या तुकड्यात वांगी, मेथी, टमाटे काढायचा आणि आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकायचा. आई वेचणीला जायची. पोरगी बोलकी. खड्डा खणण्यात सगळ्यांत पुढे तीच होती; "खाली पानी लागते का पाहू" म्हणत तिनेच तो सुरू केला होता. तिला एक भाऊ झाला होता, जेमतेम धरून बसवता येईल एवढा. घरात सगळे त्याला बाबू म्हणायचे. शाळेत आल्यावर आधी बाबूने आज काय केलं ते सांगायचं आणि मगच चप्पल काढायची, असा तिचा रिवाज होता.

बाबूला ताप आला. एका दिवसात तो वाढला. आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, पण लेकरू वाचलं नाही. गावात बातमी संध्याकाळीच पसरली.

काही दिवसांनी पोरगी पुन्हा शाळेत आली. तिची आत्या सोडायला आली होती. पोरगी आत गेल्यावर आत्याने मला दाराशी थांबवलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तिले सांगतलं नाई आमी. बाबू मामाच्या गावाले गेला म्हून सांगतलं. तुमी बी तेच सांगजा."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? घर त्यांचं, लेकरू त्यांचं.

त्याच सकाळी पोरीने फळीवरून साडीचा एक तुकडा घेतला आणि कडुनिंबाच्या खालच्या फांदीला झोळी बांधायला लावली. गाठ अक्कानेच मारून दिली, तिला वाटलं घर-घर चाललंय. झोळीत बाहुली. एका मुलाला पोरगी म्हणाली, "तू झोका दे." तो देत राहिला. ती बाजूला उभी. थोड्या वेळाने म्हणाली, "आता झोपला." मग तिने बाहुली काढली, चिंधीत डोक्यासकट गुंडाळली, एकाच्या हातात काठी दिली, "हे फावडं" म्हणाली, आणि सगळे खड्ड्याकडे निघाले. एरवी आमची मुलं दहा पावलंही गलका न करता चालत नाहीत. त्या दिवशी कोणी आवाज केला नाही. बाहुली खड्ड्यात ठेवली, वर माती लोटली.

अक्काचं लक्ष तेव्हा गेलं. "अय्यो, वद्दु, वद्दु!" नको, नको असं तेलुगूत ओरडत ती धावली. मी तिचा हात धरला.

दुपारी मुलं गेल्यावर मी बाहुली उकरून परत फळीवर ठेवत होते, तेव्हा अक्का माझ्यावर रागावली. "मेडम, लेकरांनी असा खेळ नाई खेळायचा. घरात वाईट होते."

"झालंय ना अक्का," मी म्हणाले. "वाईट आधीच झालंय."

"मग बाकीच्यांच्या घरी बी व्हावं का?"

मूल जे बोलू शकत नाही ते खेळून बघतं, हे मी प्रशिक्षणात शिकले होते, इतरांना शिकवलंही होतं. तेव्हा डोळ्यांसमोर दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर असले खेळ होते. कफनासारखी गुंडाळलेली बाहुली नव्हती. पोरीने ते सगळं कुठून पाहिलं, हेही कळत होतं. बाबूला पुरायला नेलं त्या दिवशी तिला शेजारी ठेवलं होतं. शेजारच्या घराला दार असतं, आणि लेकरं दारातच बसतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. तिसऱ्या दिवशीही. मी मध्ये पडले नाही, पण लांबही गेले नाही. खड्ड्याजवळ शेंगा सोलायचं निमित्त काढून बसू लागले. आणि जवळून पाहताना एक गोष्ट दिसली, जी पहिल्या दिवशी माझ्या नजरेतून सुटली होती.

पोरगी स्वतः झोळीला कधीच हात लावत नव्हती. रोज नवा कोणीतरी झोका द्यायचा. आणि बाहुली पुरून झाली की ती त्या झोका देणाऱ्याकडे वळायची. सुरुवातीला नुसती बघायची. मग बोलू लागली, "तू जोरात देल्ला. पाह्य आता काय केलं तू!" बोलताना तिचा चेहरा खेळातल्या रागाचा नसायचा. एका दिवशी जो झोका देत होता तो मुलगा रडायलाच लागला. "म्या हळूच देल्ला," तो पुन्हापुन्हा सांगत होता, "म्या हळूच देल्ला." मी त्याला उचलून घेतलं. पोरगी खड्ड्याशी तशीच उभी, मुठी आवळून.

त्याच दुपारी डबे खाताना ती माझ्या शेजारी येऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "टीचर, बाबू मामाच्या गावाले काय खाते?"

अशा वेळी आम्ही शिक्षक काय करतो ते सांगते. आम्ही विचारतो, "तुला काय वाटतं?" मुलाने विचार करावा, उत्तर स्वतः शोधावं, म्हणून तो प्रश्न असतो. मीही विचारला. पण मला ठाऊक होतं की या वेळी मी तो स्वतःच्या सुटकेसाठी विचारतेय.

ती म्हणाली, "काईच नाई खात. त्याचं दुधाचं बोंडलं त घरीच हाय."

आणि भाकरी खायला लागली.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी जायचं ठरवलं. पण त्याआधीच एक पालक शाळेत आले. त्यांचं गावात किराणा दुकान. त्यांचा मुलगा त्या खेळात रोज असायचा. घरी त्याने देवघरासमोर बहिणीची बाहुली टॉवेलात गुंडाळून ठेवली होती आणि विचारल्यावर "हे मेली" म्हणून सांगितलं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "आमी लेकरू शिकाले पाठवतो, मौत खेळाले नाई."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्या पोरीच्या घरी काय झालं ते त्यांना माहीत होतंच. मी म्हणाले, "भाऊ, तिच्या मनात ते हाय. तिले ते कोठी ठेवावं ते समजून नाई राह्यलं. इथं ठेवते."

"मंग तिच्या मनातलं माह्या पोराच्या मनात काऊन?"

ते भांडत नव्हते. खरंच विचारत होते, आणि प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, "तुमच्या पोरालाही मालूम हाय की बाबू नाई राह्यला. सगळ्या लेकरांले मालूम हाय. इथं सगळे मिळून खेळतात, म्हून भीत नाईत. एकटं राह्यलं असतं त भ्यालं असतं." हे मी म्हणाले खरं, पण त्यातला किती भाग मला पक्का ठाऊक होता आणि किती मी त्या घटकेला मानायचं ठरवलं होतं, ते आजही सांगता येणार नाही. ते पाणी प्यायले, त्यांनी हात जोडले आणि दुसऱ्या आठवड्यापासून मुलाला आदिलाबादच्या शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलं. ते पोरगं रांगोळीसारखी बियांची लांब लांब वळणं काढायचं. बऱ्याच दिवसांपर्यंत बियांच्या टोपलीकडे बघितलं की मला त्याची आठवण यायची.

संध्याकाळी मी पोरीच्या घरी गेले. ती आत्याबरोबर कोणाकडे तरी गेली होती, ते बरंच झालं. आई ओसरीवर बसली होती. अंगावर दूध येणं अजून थांबलं नव्हतं, पदर सारखा सावरत होती. बाप मेथीच्या जुड्या बांधत होता. जुडी बांधायची, बाजूला ठेवायची, दुसरी घ्यायची. मी आल्यावरही त्याचे हात थांबले नाहीत.

मी इकडचं तिकडचं बोलले नाही. शाळेत काय खेळ चाललाय ते सांगितलं. आईने डोळे मिटून घेतले. बाप म्हणाला, "मंग तुमी थांबवलं काऊन नाई?"

"थांबवलं असतं त घरी येऊन खेळली असती. नाईत कोठीच खेळली नसती, ते आणखी वाईट." मग मी झोक्याचं सांगितलं. रोज झोका दुसऱ्याला द्यायला लावते, आणि मग त्यालाच बोलते, की तू जोरात दिलास म्हणून असं झालं.

त्यावर आईने जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. ताप आला त्या दिवशी सकाळी बाबू नुसता किरकिर करत होता. तिने त्याला झोळीत टाकलं आणि पोरीला म्हणाली, "दे जरा झोका, मी दोन घागरी घेऊन येतो." आली तेव्हा बाबू झोपला होता. पोरगी मोठ्या अभिमानाने म्हणाली होती, "म्या झोपवलं." त्यानंतर बाबू नीट जागा झालाच नाही.

"म्हून त नाई सांगतलं तिले," आई म्हणाली. "सांगतलं असतं त तिनं सोतावर घेतलं असतं. मीच बसवलं होतं तिले झोक्यापाशी. मीच."

बापाचे हात तेव्हा थांबले. त्याने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाला, "तिनं घेतलंच हाय, ना."

मी त्यांना काय करा ते सांगितलं नाही. मला तो हक्क नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. एवढंच म्हणाले, की तिच्याशी जे काय बोलायचं ते तुम्हीच बोलावं. मी मामाच्या गावाचं पुढे सांगू शकणार नाही, आणि तुमच्याआधी खरंही सांगणार नाही. बाप मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. तिथे थांबून म्हणाला, "मले फावडं कोठी ठेवलं म्हून इच्यारत होती. मामाच्या गावाले फावडं काऊन नेलं म्हने. मी काईच बोललो नाई."

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही. खेळ चालू राहिला. अक्काने रागावणं सोडलं होतं, गाठही मारून द्यायची, पण झोळी बांधताना ओठांत काहीतरी पुटपुटायची. बहुधा देवाचं नाव असावं.

मग एका सकाळी आई स्वतः पोरीला घेऊन आली. वेचणीला जायच्या तयारीत होती, वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधलेली. मला म्हणाली, "मी बसू का थोडी?"

"बसा की."

ती कडुनिंबाखाली बसली. पोरगी तिच्याकडे बघत राहिली, मग काहीच विशेष नसल्यासारखी फळीकडे गेली, साडीचा तुकडा आणि बाहुली घेऊन आली. अक्काने झोळी बांधली. पोरीने आजूबाजूला पाहिलं. झोका द्यायला कोणाला बोलवावं हे ठरवत असावी. आई म्हणाली, "मी देऊ?"

पोरीने मान हलवली. "तू नाई. तू आई हाय. तू पान्याले जा."

आई उठली. अंगणात दोन पावलं गेली, कमरेवर घागर घेतल्यासारखा हात ठेवला आणि परत आली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, पण मी बघितलं. परत आल्यावर तिने विचारलं, "झोका कोनं देल्ला?"

पोरीने एका मुलाकडे बोट दाखवायला हात उचलला. तो मुलगा झोळीपासून लांब, मातीत बसला होता. तिचा हात तसाच राहिला. मग तिने तो खाली घेतला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्या."

आईने तिला ओढून मांडीवर घेतलं नाही. तिच्यासमोर खाली बसली. म्हणाली, "चांगला देल्ला तू. त्याले झोप आली. त्याले ताप होता माय, आतून ताप होता. झोक्यानं काई झालं नाई. डॉक्टरकून बी बरा नाई झाला तो. बाबू मेला."

अंगणात मुलं होती, पण सगळी आपापल्या कामात. कोणीतरी पत्र्यावर काठी वाजवत होतं. पोरीने विचारलं, "मंग मामाच्या गावाले कोन गेलं?"

"कोनीच नाई गेलं."

पोरीने बाहुली झोळीतून काढून आईच्या ओटीत टाकली, कापूस टाकतात तशी, आणि खड्ड्याकडे न जाता आत निघून गेली. आई रडली ती त्यानंतर. अक्काने तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच कळायची.

त्यानंतर खेळ लगेच संपला असं झालं नाही. आणखी काही वेळा झाला, पण त्यात बोलणी उरली नव्हती, आणि झोका आता ती स्वतः द्यायची. मग हळूहळू खड्ड्याची विहीर झाली, मग तिथे बस थांबू लागली, आणि एक दिवस सगळ्यांनी मिळून तो पाण्याने भरला नि दिवसभर चिखलात लोळले. पोरगी घरी आईला रोज प्रश्न विचारायची. तिथे त्याला थंडी वाजते का. तो मोठा होईल का. आई सांगायची, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायची. हे मला तिनेच सांगितलं.

मला वाटलं होतं, आता निभावलं. पण पालकांची बैठक आली. आमच्याकडे ती भल्या सकाळी, अंगणातच सतरंजी टाकून होते. एका मुलाची आई, तोच जो "म्या हळूच देल्ला" म्हणून रडला होता, उठून म्हणाली, "टीचर, माहा पोरगा मले रोज इच्यारते, आई तू मरशीन का. मी काय सांगू त्याले?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. एरवी या बैठकीत अक्षरं कधी शिकवणार यावर तास जातो. त्या दिवशी तो विषयच निघाला नाही. मी म्हणाले, "मलेही नाई ठाऊक. तुमाले लहानपनी कोनं सांगतलं होतं?"

मग एक म्हातारे गृहस्थ, नातवाला सोडायला येणारे, म्हणाले की त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. बैल मेला तेव्हा बापाला रडताना पाहिलं आणि समजलं. दुसरी एक म्हणाली, तिची आई गेली तेव्हा तिला आठ दिवस मावशीकडे ठेवलं, परत आली तर घरात आईचं लुगडंही नव्हतं, आणि ती अजून कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही. एकेक जण सांगत गेलं. कोणी थोडं, कोणी बरंच. पोरीचा बाप मागे उकिडवा बसून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "मी त सांगतो, हो, मरीन, पन आता नाई, आता मेथी बांधाची हाय." लोक हसले. ती प्रश्न विचारणारी आईही हसली आणि म्हणाली, "असंच सांगतो मंग."

हे बरोबर उत्तर आहे का, मला माहीत नाही. दुकानदार भाऊंच्या प्रश्नाचंही पुरतं उत्तर माझ्याकडे नाही: एकाच्या दुःखाचा भार बाकीच्या लेकरांनी किती उचलावा, आणि तो उचलायला त्यांना मी लावलं की त्यांनी आपणहून उचलला? मुलांच्या कलाने जायचं म्हटलं की लोकांना वाटतं, हे सोपं काम, मुलं खेळतात आणि बाई बसते. मी बसतेच. बसून पाहते. पण कधी उठायचं, कधी नाही, आणि कधी चप्पल घालून कोणाच्या तरी घरी जायचं, हे मला मुलं सांगत नाहीत.

बैठक लांबली होती. ऊन चढायच्या आत वेचणीला पोचायचं म्हणून बाया घाईने उठल्या, ओट्या आवळल्या आणि बोलत बोलतच शेताच्या रस्त्याला लागल्या.